साराबाईंचा ढब्बू

माणसाचं आडनाव कळल्याशिवाय मला त्याच्याशी धड बोलताच येत नाही. खोड वाईट आहे, मान्य. आमचा यतीन कानीकपाळी ओरडत असतो, "आई, इथे असं विचारत नाहीत." इथे म्हणजे शॉमबर्गला, शिकागोच्या उपनगरात. तिथे शेजारच्या घरात कोण राहतं हे मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं. पण २००५च्या सप्टेंबरात डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका किराणा दुकानात मी आडनाव विचारलं आणि म्हणूनच मला साराबाई भेटल्या.

साडीवर स्वेटर, पायांत खेळाडूंचे पांढरे बूट. थोडक्यात आमचाच अवतार. त्या पोह्यांच्या पिशव्या एकेक करून दाबून बघत होत्या. "पातळ पोह्यांचा मलिदा होईल का मेल्या, लगदा होईल," असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि मी वळलेच.

"मराठी?"

"मग काय तर!"

"आडनाव काय?"

"किहीमकर."

"म्हणजे अलिबागकडच्या. कायस्थ का?"

"नव्हे हो. बेने इस्राएल. ज्यू." माझं तोंड बघून त्या हसल्या. "आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. गावात शनवार तेली म्हणायचे आम्हाला. ते तरी ऐकलंय ना?"

नव्हतं ऐकलं. पालिकेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मी इतिहास शिकवला होता, आणि आमच्या डोंबिवलीपासून शंभर किलोमीटरवर दोन हजार वर्षं राहिलेली माणसं मला शिकागोत कळत होती! मला माझीच लाज वाटली. पण लाजेपेक्षा उत्सुकता जास्त. मी त्यांना तिथेच, पोह्यांच्या फळीपाशी, वीसेक प्रश्न विचारले. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली आणि वर मला घरी चहाला नेलं.

तेव्हापासून आमचे रविवार ठरून गेले. यतीन मला आणि आमच्या ह्यांना डेव्हनला सोडायचा. त्या रस्त्याच्या एका टोकाला आपली मिठाईची आणि साड्यांची दुकानं, दुसऱ्या टोकाला ज्यू लोकांच्या बेकऱ्या आणि पुस्तकांची दुकानं. साराबाई राहायच्या मधल्या एका गल्लीत, नर्स असलेल्या लेकीकडे. त्यांची बारा वर्षांची नात रुही माझ्याशी इंग्रजीत बोलायची आणि मी तिच्याशी मराठीत, आणि आमचं कुठेही अडत नसे. सहा महिन्यांच्या त्या मुक्कामात हे, यतीन आणि सूनबाई हिमानी सोडली तर मला ओळखणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे साराबाई.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कपाटातून एक रुमाल काढला आणि आमच्या ह्यांच्यासमोर उलगडला.

आमच्या ह्यांचं नाव मोरेश्वर. चौतीस वर्षं मुंबईच्या टांकसाळीत, तपासणी खात्यात. नाणी पाडून आली की त्यातली सदोष नाणी वेचून बाद पेटीत टाकायची, ती पुन्हा वितळवायला जायची, हे यांचं काम. दिवसभर नाणी बघून बघून माणूस मुका झाला असावा, कारण घरी आल्यावर तोंडातून शब्द फुटायचा नाही. मीही कधी विचारलं नाही. जगातल्या प्रत्येकाला प्रश्न विचारणारी मी, नवऱ्याला मात्र विचारायचं राहून गेलं. नवरा काय, घरातच असतो!

रुमालात एक काळंकुट्ट नाणं होतं. पन्नास पैशांच्या जुन्या नाण्याएवढं, पण जाड आणि कडेला वेडंवाकडं. त्यावर झाडासारखं काहीतरी अंधुक दिसत होतं, एवढंच.

"भाऊ, हे माझ्या बाबांचं," साराबाई म्हणाल्या. "पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर पॅलेस्टाइनला गेले होते. तिथे एका धनगराकडून घेतलं. म्हणायचे, सारा, हे आपल्या बंडखोरांचं नाणं आहे. रोमच्या बादशहाविरुद्ध आपली माणसं उठली ना, तेव्हाचं. मरेपर्यंत कोटाच्या खिशात होतं. आणि माझा थोरला भाऊ सगळ्यांसमोर त्यांची टर उडवायचा. बाबांचा ढब्बू, म्हणायचा. ढब्बू पैसा! बाजारात कुणीतरी बनवलंय बाबांना."

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं माझा बाप खोटं बोलत नव्हता." त्यांचा आवाज चढला. "सत्तर वर्षांची झाले, अजून भावाशी भांडते मी या एका गोष्टीवरून."

आता रुहीची बात मित्झवा जवळ आली होती. मुलगी वयात येताना सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर धर्मग्रंथातलं वाचते. आपल्याकडची मुंज समजा, पण मुलीची. त्यानंतर पणजोबांचं नाणं साराबाई तिच्या हातात देणार होत्या. त्याआधी एका विद्यापीठातल्या नाण्यांच्या जाणकार प्राध्यापकबाईंनी ते बघायचं कबूल केलं होतं, पुढच्या सोमवारी.

"पण त्याआधी तुम्ही बघा, भाऊ. खोटं असेल तर मला आधी कळू दे. पोरीच्या देखत बाबांचं हसं व्हायला नको."

ह्यांनी नाणं रुमालासकट खिशात ठेवलं आणि "बघतो" म्हणाले. दिवसभराचा कोटा संपला.

पुढचे पाच दिवस हे सकाळी खिडकीपाशी बसायचे. हातात टांकसाळीतलं डोळ्याला लावायचं भिंग, खाली ते नाणं. मी तासातासाला विचारायची, "काय दिसतंय?" आणि हे म्हणायचे, "काळं." तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. म्हटलं, अहो, काळं तर मलाही दिसतंय, आणि तेही बिनभिंगाचं!

शुक्रवारी दुपारचा चहा घेऊन हे तळ्याभोवती फेरी मारायला गेले. दिवाळी चार दिवसांवर होती. मी सुटकेसमधून आणलेली समई, निरांजन, ताम्हन, पळी अशी सगळी पितळ-तांब्याची फौज ओट्यावर मांडली, चिंच कोळली, त्यात मीठ टाकलं आणि घासायला बसले. हात चालत होते. समई सोन्यासारखी निघाली. मग माझी नजर खिडकीतल्या त्या काळ्या तुकड्यावर गेली.

उगाच सवयीवर ढकलत नाही. अर्धा दोष सवयीचा, अर्धा माझ्या चौकसपणाचा. त्या काळ्याखाली काय आहे ते मला बघायचं होतं. वाटलं, हे पाच दिवस भिंग लावून बसलेत, आणि चिंचेच्या एका हातात काम होईल. मी नाणं घेतलं, चिंच चोळली, पाच मिनिटं ठेवलं आणि सवयीनं तारेची घासणी फिरवली.

काळं गेलं. खालून तांबूस पिवळं नाणं निघालं. एका बाजूला झाड, नारळासारखं पण ठेंगणं, दोन्हीकडे फळांचे घोस लोंबलेले. दुसऱ्या बाजूला द्राक्षाचं पान. भोवती कसलीशी अक्षरं. मी हरखून ते उजेडात धरलं.

नाण्यावर ओरखडे होते. एका दिशेनं गेलेले, बारीक, शेजारी शेजारी, दोन्ही बाजूंना. घासणीचे!

मी तिथेच खुर्चीवर बसले. एका बाईनं बापाची आठवण म्हणून जपलेली वस्तू विश्वासानं दिली, आणि मी ती तव्यासारखी घासून ठेवली. हे परत आले तेव्हा मी रडत होते. आधी त्यांना वाटलं देशातून फोन आला. मग त्यांनी नाणं पाहिलं. हे रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "अगं, हे असं घासत नसतात."

"आत्ताच्या आत्ता साराबाईंना फोन लावते," मी म्हटलं.

फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. बाहेर सूर्य मावळला होता. मग माझ्या लक्षात आलं. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत त्यांचा शब्बाथ. फोन नाही, गाडी नाही, पैशाला हात नाही. जो घाणा दोन हजार वर्षं शनिवारी बंद राहिला, तो माझ्या रडण्यानं थोडाच सुरू होणार होता? माझं पाप मला अख्खा दिवस एकटीनं वागवायचं होतं.

शनिवारी सकाळी ऊन चांगलं होतं. हे नाणं घेऊन पुन्हा खिडकीपाशी बसले. मी तिकडे बघायचंही टाळत होते. तासाभरानं यांनी हाक मारली.

"शैलजा, इकडे ये. हे ओरखडे तुझे नाहीत."

"समजूत घालू नका."

"समजूत नाही. बघ." यांनी मला खुर्चीत बसवलं, भिंग डोळ्याला लावून दिलं आणि नाणं उन्हात तिरपं धरलं. "रेघ कुठून निघते ते बघ. झाडापाशी आली की काय होतं?"

मी बघितलं. रेघ कडेकडून येत होती आणि झाडाच्या खोडापाशी थांबत होती. पलीकडून पुन्हा सुरू होत होती. खोड मात्र अखंड होतं.

"तू अंगण सारवायचीस ना गावाला? सारवणाच्या बोटांच्या रेघा असतात, आणि त्यावर रांगोळी. रांगोळी काढल्यावर कुणी झाडू फिरवला तर काय होईल?"

"रांगोळी मोडेल."

"इथे मोडलीय का? नाही. म्हणजे रेघा आधीच्या, झाड नंतरचं. या रेघा घासणीच्या नाहीत. या कानशीच्या आहेत. कुणीतरी आधी नाणं कानशीनं घासलंय, आणि मग त्यावर ठसा मारलाय." यांनी नाणं किंचित फिरवलं. "आता झाडाच्या डावीकडे बघ. काय दिसतंय?"

आधी काही दिसेना. मग दिसलं. झाडाच्या झावळीखाली एक कान होता. माणसाचा. कानामागे मानेची रेघ, आणि त्यावर पुसट केस.

"हा कोण?"

"ज्याचं नाणं आधी होतं तो. राजा असणार." यांचे डोळे चमकत होते. चौतीस वर्षांत मी यांना असं बघितलं नव्हतं. "दोनदा ठसा बसलेलं नाणं म्हणजे आमच्याकडे सगळ्यात मोठा दोष. माझ्यासमोर आलं असतं तर मी डोळे मिटून बाद केलं असतं. पण इथे चूक नाही झालेली. हे मुद्दाम केलंय."

मग माझ्यातली शाळेतली बाई परत आली. मी यतीनला झोपेतून उठवला आणि कॉम्प्युटरपुढे बसवला. झाड, द्राक्षाचं पान, ज्यू, रोम, बंड; जे सुचेल ते त्याला टाइप करायला लावलं. वीस मिनिटांत स्क्रीनवर तसंच नाणं आलं. तेच ठेंगणं झाड. खजुराचं होतं ते.

"आई, हे सॉलिड इंटरेस्टिंग आहे," यतीन वाचून सांगायला लागला. "बार कोखबा नावाचा एक लीडर होता. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी. त्यानं रोमन एम्पायरविरुद्ध रिव्होल्ट केलं. तीनेक वर्षं त्यांचं स्वतःचं राज्य होतं. त्यांनी नवीन नाणी नाही बनवली, बाजारातली रोमनच नाणी घेतली, एम्परर फाइल करून काढला आणि वर स्वतःचा ठसा मारला. लिहिलंय काय, तर 'इस्राएलच्या स्वातंत्र्याचं वर्ष दुसरं.' म्हणजे बेसिकली ओव्हरराइट केलं यार, त्यांनी."

"यार कुणाला म्हणतोस? आणि ही अक्षरं कसली?"

"हिब्रूच, पण जुनी स्क्रिप्ट. त्यांच्या काळातही कुणी रोज वापरत नव्हतं. मुद्दाम आजोबा-पणजोबांची काढली."

स्वतःचं नाणं पाडणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. राज्याभिषेकाला शिवराई का पाडली, हे मी दरवर्षी चौथीच्या वर्गाला घसा फोडून सांगत आले होते. पण हे त्याहून वेगळं होतं. या लोकांकडे ना खजिना, ना धातू. शत्रूचंच नाणं हातात घेतलं आणि त्याचं तोंड खरवडून काढलं. मला तो कानस चालवणारा माणूस दिसायला लागला. रोज किती नाणी घासत असेल? हात भरून येत असतील. एखाद्या वेळी घाईत कान राहून गेला.

"म्हणजे साराबाईंचे वडील खरं बोलत होते!" मी ओरडलेच. "आणि घासलं नसतं तर हे दिसलं असतं का, सांगा! काळ्याखाली होतं सगळं!"

ह्यांनी नाण्याच्या मागच्या बाजूला, द्राक्षाच्या पानावर, भिंगाचं टोक ठेवलं. "ही एक रेघ मात्र पानावरून गेलीय. ही तुझी."

नवरा खरं बोलणारा मिळाला की असं होतं.

रविवारी मी साराबाईंकडे जवळजवळ पळतच गेले. भीती होतीच, पण भीतीवर आनंद चढलेला. तुमचा बाप जिंकला, हे मला फोनवर नाही, समोर बसून सांगायचं होतं. मी रुमाल उलगडून त्यांच्या हातात नाणं ठेवलं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. कानस, कान, बादशहा, खजुराचं झाड. "एक रेघ माझी आहे, साराबाई, तेवढी माफ करा, मी चिंचेनं घासलं, पण त्यामुळेच तर..."

त्या ऐकत नव्हत्या. नाणं तळहातावर घेऊन नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी अंगठा नाण्यावरून फिरवला, उलटा, सुलटा, जणू काही शोधत होत्या.

"काळं कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

मी पुढे वाकून तो कान दाखवायला लागले.

"बाबा बोलताना खिशात हात घालून हे अंगठ्यानं चोळत बसायचे. सदान्कदा. त्यांच्या हाताच्या घामानं, तेलानं काळं झालं होतं ते. त्यांच्यानंतर मी त्याला पाण्याचा थेंब लावला नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "खरंखोटं ठरायचं होतं ते ठरलं असतं हो. पण बाबा तेवढेच उरले होते माझ्याकडे."

त्या उठल्या, चहा केला, आमच्यापुढे ठेवला, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. पाहुण्याला चहा न देता घालवायचा नाही, ही आपल्याकडची रीत त्या पाळत होत्या. परतताना गाडीत मी एक अक्षर बोलले नाही, तेव्हा यतीन घाबरून म्हणाला, "आई, आर यू ओके?"

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. मी धावत उचलला. "भाऊंना द्या," त्या म्हणाल्या. प्राध्यापकबाईंना ते कानशीचं समजावून सांगायला ह्यांनी यावं, एवढंच. मला या म्हणाल्या नाहीत. यतीन अर्धा दिवस सुट्टी काढून ह्यांना घेऊन गेला आणि मी घरात येरझारा घालत बसले. आयुष्यात एवढी मोठी शिक्षा मला कुणी दिली नव्हती. तिथे काय चाललंय हे मला माहीत नाही, आणि विचारायलाही कुणी नाही!

दुपारी हे आले. मी त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत.

"खरं आहे," हे म्हणाले.

"अहो, एवढ्यावर नाही भागायचं. सगळं सांगा. पहिल्यापासून."

आणि त्या दिवशी हे खरोखर बोलले. बाईंनी नाण्याचं वजन केलं, मोठ्या भिंगाखाली घातलं. यांनी कान दाखवला तेव्हा त्यांनी शेजारच्या खोलीतून आणखी दोघांना बोलावलं. टांकसाळीतला माणूस म्हणून यांना खुर्ची दिली, कानस कशी धरली असेल ते विचारलं, यांनी हातानं करून दाखवलं. साराबाईंनी तीनदा विचारून घेतलं, खरं ना? नक्की खरं ना? मग रुहीला म्हणाल्या, मोठ्या मामाआजोबांना फोन लाव, आत्ता.

"आणि घासल्याबद्दल?"

हे चपला काढायला वाकले. "बाई फार चिडल्या. म्हणाल्या, नाणं जगलं पण त्याची कातडी सोलून काढलीत. हे कुणी केलं?"

"मग? तुम्ही माझं नाव सांगितलंत?"

"मी सांगणारच होतो. त्याआधी साराबाई बोलल्या. 'मी केलं,' म्हणाल्या. 'आम्ही मराठी बायका. काळं भांडं दिसलं की आमच्यानं राहवत नाही.' रुहीनं ते इंग्रजीत सांगितलं."

मी खाली बसले आणि पोट भरून रडले. माझ्याशी न बोलणारी बाई परक्या माणसांपुढे माझ्यासाठी उभी राहिली होती. एवढं मी कशानं मिळवलं होतं? पाच-सहा रविवारांच्या चहानं?

दिवाळी आली आणि गेली. साराबाईंचा फोन नाही. मी लावला नाही. म्हटलं, हा दरवाजा त्यांच्या बाजूनं उघडायला हवा. शनिवारी सिनेगॉगमधला कार्यक्रम झाला आणि रविवारी दुपारी घरी मलिदा, म्हणजे त्यांच्याकडचा आभाराचा विधी होता. बोलावणं रुहीनं केलं. "आजी सेज यू बोथ हॅव टु कम," एवढंच म्हणाली. हॅव टु म्हणजे प्रेमानं की कर्तव्य म्हणून, हे काही तिला विचारता आलं नाही.

घर माणसांनी भरलेलं होतं. अर्धे साडी-सलवारीतले बेने इस्राएल, अर्धे लेकीच्या ओळखीचे गोरे ज्यू. मधोमध परातीत मलिदा: भिजवलेले जाड पोहे, खोबरं, साखर, वेलची, भोवती पाच प्रकारची फळं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एलियाहू पैगंबराचं नाव घेऊन प्रार्थना म्हटल्या, हिब्रूत. चाल मात्र थेट आपल्या कीर्तनातली. मला एरवी पन्नास प्रश्न पडले असते. त्या दिवशी मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

खाणं झाल्यावर साराबाईंनी नाणं काढलं. प्राध्यापकबाईंनी त्याला एक प्लॅस्टिकची पारदर्शक डबी दिली होती, आणि हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही अशी ताकीद. रुहीनं डबी उंच धरून गोष्ट सांगितली: कानस, कान, खजूर, स्वातंत्र्याचं दुसरं वर्ष. लोक मान पुढे काढून बघत होते.

"आजी, आता हे माझं ना?" तिनं शेवटी विचारलं.

"तुझंच. पण आधी ती डबी उघड."

"बट शी सेड डोन्ट टच!"

"उघड म्हणते ना! पेटीत कुलूपबंद राहायला ते काय बादशहाचं आहे? बादशहाला तर पुसून टाकला." साराबाईंनी नाणं स्वतः बाहेर काढलं. "ज्यांनी हे पाडलं ना, त्यांनी बाजारात फिरायला पाडलं. भाजीवालीच्या हातात, कोळणीच्या हातात. माझ्या बापाच्या हातात. इथून तिथून सगळ्यांच्या हातांत."

त्या खोली ओलांडून सरळ माझ्यापाशी आल्या.

"शैलजाबाई, हात पुढे करा."

मी केला. त्यांनी नाणं माझ्या तळव्यावर ठेवलं. अजून चकचकीत होतं. माझी ती रेघ पानावर स्पष्ट दिसत होती.

"बाबांचं काळं तुम्ही काढलंत," त्या म्हणाल्या. राग होता आवाजात, अजून होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. "ते परत यायचं नाही. आता नवीन यायला हवं. इथल्या प्रत्येकाचा हात लागेल याला, आणि रोज रुहीचा. पण पहिला तुमचा."

"माझा कशाला, साराबाई?" मी म्हटलं. "माझ्या हातानं वाटोळं केलं."

"म्हणूनच. चोळा. हळू नका चोळू, अंगठा दाबून. बाबा तसे चोळायचे."

मी अंगठा दाबला. माझे हात घामानं ओले झाले होते, म्हणून मी ते पदराला पुसायला लागले, तर साराबाईंनी माझं मनगट धरलं.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "घामच हवाय."